झिपरू भिवसन तायडे, आरोपी क्रमांक तीन

झिपरू आबांच्या उजव्या खांद्यावर कातडीचा एक जाड थर झाला होता. चाळीस वर्षं केळीचे घड वाहिल्याने तो झाला होता. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गावातली सात-आठ माणसांची टोळी केळी कापायला जायची. एकाने कोयत्याने घड उतरवायचा, दुसऱ्याने खांद्यावर घेऊन रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यायचा. आबा वाहणारे. घडाला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो, म्हणून लेकरू न्यावं तसा ते घड न्यायचे, असं केसरबाई सांगतात. केसरबाई म्हणजे त्यांची बायको.

त्यांच्या आधीची दोन भावंडं जन्मताच गेली होती. हे तरी जगावं म्हणून आईने पाच वर्षं त्यांचे केस कापले नाहीत आणि नाव ठेवलं झिपरू. वडील भिवसन. शाळा दुसरीपर्यंत. एक मुलगी, दीपमाला, धुळ्याला दिलेली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, उजव्या बाजूला बसून मोठ्याने बोललं तर यायचं. साठीच्या आतबाहेरचा हा माणूस तोपर्यंत पोलीस स्टेशनची पायरी चढला नव्हता.

नाल्यापलीकडच्या एका मळ्यातून बोअरची केबल चोरीला गेली. दोन दिवस आधी आबांची टोळी त्याच मळ्यात कापणीला होती. पोलिसांनी टोळीतल्या दोन तरुणांना उचललं. त्यातल्या एकाने आबांचं नाव घेतलं. का घेतलं, ते त्याने पुढे कोणालाच नीट सांगितलं नाही. पोलीस घरी आले तेव्हा अंगणात केसरबाईंची कपडे वाळत घालायची वलणी होती, काळ्या वायरची. गावातले विजेचे खांब बदलले तेव्हा टाकून दिलेल्या वायरचा तो तुकडा होता. त्यावरचं लुगडं काढून केसरबाईंच्या हातात दिलं आणि वायर पंचनाम्यात गेली. आबा घरात जेवायला बसले होते. ते हात धुऊन अनवाणीच गाडीत बसले. सायंकाळपर्यंत येऊ असं त्यांना वाटलं असावं.

कोर्टाने तिघांनाही जामीन दिला. जामीन दिला म्हणजे सुटले, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण त्यासाठी स्वतःच्या नावावर काहीतरी असलेला जामीनदार उभा करावा लागतो. त्या दोन तरुणांचे नातेवाईक शेतीवाले होते, ते तीन आठवड्यांत घरी गेले. आबांच्या बाजूने केसरबाई ज्यांच्या बागा आबांनी वर्षानुवर्षं कापल्या त्या दोन शेतकऱ्यांच्या दारात जाऊन आल्या. एकाने कोर्टाच्या भानगडीत पडत नाही म्हणून सांगितलं. दुसरा घरात असून बाहेर आला नाही. शेवटी पुतण्या तयार झाला, तर त्याचं घर अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर होतं. कोर्टाने त्याला परत पाठवलं. आबा आतच राहिले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्याशिवाय पुरी होत नाही. मी शिल्पा. जळगावात मेहरूणला राहते, बारा वर्षं वकिली करते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारी विधी सेवेतून वकील नेमतात, त्या यादीत माझं नाव आहे. दर गुरुवारी मी एका कारागृहात जाते. त्या कारागृहाचं आणि कोर्टाचं नाव मी मुद्दाम देत नाही. आत ऑफिसच्या बाजूला लिंबाच्या झाडाखाली मला एक टेबल देतात. तीस-चाळीस बंदी रांगेत बसतात. कोणाची तारीख कळत नाही, कोणाच्या घरी फोन लागत नाही, कोणाला आजार असतो. दोन तासांत जेवढं होईल तेवढं करायचं आणि निघायचं.

त्या गुरुवारी रांगेतून नासीर उठून पुढे आला. नासीर भुसावळचा, गाद्या भरणारा कारागीर. एका मारामारीत माणूस मेला, त्या खटल्यात तो तीन वर्षं आत होता. मराठी शाळेत शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे बराकीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज तोच लिहायचा. त्याने एका म्हाताऱ्याला दंडाला धरून आणलं होतं.

"मॅडम, हे झिपरू आबा. यांना वकील दिलाय का, जरा बघता?"

मी रजिस्टर उघडलं. "दिलाय ना. अकरा महिन्यांपूर्वीच दिलाय," मी म्हटलं आणि पुढच्या रकान्यात वकिलाचं नाव वाचलं. ते माझं होतं.

नेमणुकीचं पत्र माझ्याकडे आलं असणार. मी ते फाईलला लावलं असणार. जामीन झालेला आहे असं पाहून, हा माणूस बाहेर आहे असं समजून पुढच्या कामाला लागले असणार. मला काहीच आठवत नव्हतं. अकरा महिने मी दर गुरुवारी त्या झाडाखाली बसत होते आणि आबा पन्नास पावलांवर होते.

"रांगेत का नाही आलात, आबा?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. नासीरने त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"नाव पुकारतंस तवय माले ऐकू येत नई," आबा म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची घेतली. माझी आजी अहिराणी बोलायची, म्हणून मला त्यांचं बोलणं अवघड गेलं नाही. कोर्टात त्यांना नेत नव्हते. दर चौदा दिवसांनी टीव्हीच्या पडद्यासमोर बसवायचे. पडद्यावर साहेब दिसायचे, त्यांचे ओठ हलायचे, आबा मान हलवायचे. मग शिपाई उठ म्हणून खूण करायचा. नंतर मी कोर्टाचे कागद काढून पाहिले. बहुतेक तारखांना लिहिलेलं होतं, आरोपीस काही सांगावयाचे नाही.

मी काय काय विचारत होते आणि ते उत्तरं देत होते. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, कितला वरीसनी सजा व्हयनी माले?"

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला सजा झालेलीच नाही. खटला अजून सुरूसुद्धा झाला नाही."

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून नासीरने ते पुन्हा सांगितलं. मग आबा हळू म्हणाले, "मंग मी आठे काय करी ऱ्हायनू?"

मग ते इथे काय करत होते, या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर मला येत होतं. ते तिथे देण्यासारखं नव्हतं.

नासीरने खिशातून घडी केलेला कागद काढला. नवा फौजदारी कायदा आला होता आणि त्यात असं आहे, की ज्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आरोप आलाय, त्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला, की कोर्टाने त्याला सोडायचं. असा बंदी कोण आहे हे कोर्टाला कळवणं कारागृहाचं काम. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. आबांना आत येऊन तेरा महिने झाले होते. कोणी कळवलं नव्हतं. नासीरने हे सगळं बराकीतल्या वर्तमानपत्रातून टिपून ठेवलं होतं आणि आबांच्या नावाने अर्ज लिहिला होता. आबांचं पूर्ण नाव, वय, गाव, आत आल्याची तारीख, सगळं बरोबर. माझ्याकडून त्या अर्जात घालण्यासारखं फार काही नव्हतं.

जाताना नासीर म्हणाला, "मॅडम, आबांना खोकला आहे. चालताना धाप लागते. बाहेरच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. दोन अर्ज दिलेत मी."

"मी बोलते," मी म्हटलं आणि बोललेही. न्यायला पोलीस गार्ड लागतो, गार्ड मिळाला की नेतो, असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. सणाचे दिवस जवळ आले होते आणि पोलीस बंदोबस्तात होते.

मी ऑफिसात येऊन अर्ज टाइप केला. घाईत होते. नासीरच्या कागदावर 'भिवसन' लिहिलं होतं. त्याच दिवशी माझ्याकडे एक दुसरी फाईल होती, त्यातल्या पक्षकाराच्या वडिलांचं नाव भिकन. मी आबांच्या अर्जात 'झिपरू भिकन तायडे' टाइप केलं आणि सही केली. दोष कारकुनाचा नाही, कोर्टाचाही नाही. कोर्टाने मी लिहिलं तेच नाव आदेशात घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी आदेश झाला. जामीनदार नको, स्वतःच्या हमीवर सोडावे. मी केसरबाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कारागृहाच्या दाराशी येऊन थांबल्या, हातात पिशवी, पिशवीत आबांचा धुतलेला पांढरा सदरा आणि नव्या चपला. दुपारी मला जेलरांचा फोन आला.

"मॅडम, आमच्याकडे झिपरू भिवसन आहे. तुमच्या आदेशात झिपरू भिकन आहे. मी याला सोडू शकत नाही."

"साहेब, गाव तेच, वय तेच, गुन्हा नंबर तोच."

"उद्या दुसरा माणूस सुटला तर माझी नोकरी जाते. दुरुस्त करून आणा."

माणूस बरोबर बोलत होता. मी धावत कोर्टात गेले, तिथे कुलूप. सुट्टीतलं काम ज्यांच्याकडे होतं ते न्यायाधीश दोन दिवसांनी बसणार होते. मी दाराशी जाऊन केसरबाईंना सांगितलं, की नावात चूक झाली आहे आणि ती मी केली आहे.

त्यांनी रागावावं असं मला वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग कवय सोडतीन?"

"तीन-चार दिवस लागतील, अक्का."

"आते येल शे ते भेटीसन जाऊ दे," त्या म्हणाल्या. सुट्टीमुळे भेटीही बंद होत्या. पिशवी घेऊन त्या मुलीकडे धुळ्याला गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी आबा बराकीत संडासाला जाताना खाली बसले ते उठलेच नाहीत. नासीरने आणि आणखी दोघांनी उचलून त्यांना दाराशी आणलं. तेव्हा मात्र गार्डची वाट न पाहता त्यांना दवाखान्यात हलवलं. अकराच्या सुमारास जेलरांनी मला स्वतःहून फोन केला. आवाज मऊ होता.

"मॅडम, सुट्टीतलं कोर्ट आज बसलंय. दुरुस्ती आजच करून घेता का? कागद आला की मी स्वतः दवाखान्यात येतो. आमच्याकडून काही अडणार नाही."

मला वाटलं, माणसाला दया आली. मी पळाले. न्यायाधीशांनी पाच मिनिटांत दुरुस्ती दिली. दुपारी दोनला मी आदेश घेऊन वॉर्डात पोचले.

आबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. उजव्या पायात बेडी, तिचं दुसरं टोक खाटेच्या लोखंडी पायाला. जो माणूस उठून बसू शकत नव्हता त्याला खाटेला बांधून ठेवलं होतं. बाजूला केसरबाई आणि दीपमाला उभ्या होत्या. शिपायाने त्यांना हात लावायला मनाई केली होती, म्हणून दोन हात अंतरावर. धुळ्याहून येईपर्यंत केसरबाईंनी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, असं दीपमाला म्हणाली.

जेलर आले. हमीपत्रावर आबांचा अंगठा हवा होता. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "आबा, मी वकीलबाई. तुम्ही सुटलात. इथे अंगठा द्या, म्हणजे झालं."

त्यांनी डोळे उघडले. ओळखलं की नाही मला माहीत नाही. अंगठा मात्र त्यांनी आपणहून पुढे केला. शाई लावली, ठसा घेतला. जेलरांनी घड्याळात पाहून वेळ लिहिली, दोन वाजून चाळीस मिनिटं. शिपायाने बेडी काढली. घोट्यावर काळपट वळ होता. केसरबाई पुढे झाल्या आणि तो पाय हातात धरून खाटेवर बसल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी आबा गेले.

अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी गावी झाला. मी गेले होते. पांढरा सदरा घातला होता. नव्या चपला दीपमालाने परत पिशवीत ठेवल्या.

पुढच्या गुरुवारी मी झाडाखाली बसले, तेव्हा नासीर रांगेत न बसता समोर येऊन उभा राहिला. आबा गेले हे त्याला माहीत होतं. त्याने विचारलं, "आता चौकशी लागेल ना, मॅडम? बंदी मेला की मॅजिस्ट्रेट येऊन विचारतात. दवाखान्यासाठीचे माझे तीन अर्ज आहेत, तुम्हाला सांगितल्यावर आणखी एक दिला होता, सगळे तारखांसकट. मी जबानी द्यायला तयार आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरं म्हणजे दवाखान्यातच यायला हवं होतं.

"नाही लागणार," मी म्हटलं. "ते बंदी म्हणून मेले नाहीत. दोन चाळीसला सुटले होते."

नासीरला समजायला वेळ लागला नाही. तो रागावला नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "म्हणजे आदेश दोन दिवस आधी आणला असता तर माणूस वाचला असता. आणि दोन तास उशिरा आणला असता तर निदान कोणीतरी विचारलं असतं."

जेलरांच्या त्या मऊ आवाजात दया होती की स्वतःची सुटका होती, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित दोन्ही असेल. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचाही मी विचार करते. आदेश खिशात ठेवून आबांना बेडीतच जाऊ द्यायचं होतं का? नाही. तरीही नासीरचं वाक्य खोटं नव्हतं.

त्याने मानवी हक्क आयोगाला पत्र लिहिलं. मला म्हणाला, "तुमचं प्रतिज्ञापत्र जोडाल? नावाची चूक कोणी केली तेही त्यात यायला पाहिजे. नाहीतर ते सगळं तुमच्या कागदावर ढकलतील आणि आपण लपवलं असं होईल." मी प्रतिज्ञापत्र केलं. अकरा महिने भेटले नाही हे लिहिलं, 'भिकन' लिहिलं, तीन अर्जांच्या तारखा लिहिल्या, बेडी लिहिली. विधी सेवेच्या ऑफिसातून मला नोटीस आली. मी उत्तर दिलं, की सगळं खरं आहे. त्यांनी ताकीद देऊन यादीत ठेवलं. काढलं असतं तरी मी काही बोलले नसते.

आयोगाने अहवाल मागवला. अहवाल आला, सदर इसम मुक्त झाल्यानंतर दीर्घ आजाराने मयत. सात महिन्यांनी प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. तोवर नासीरला दुसऱ्या कारागृहात हलवलं होतं, भुसावळपासून लांब. कारण प्रशासकीय असं लिहिलं होतं. त्याचा खटला अजून चालू आहे. त्याची बायको मेहरुन मला फोन करते. नवीन जागीही तो अर्ज लिहितोय, असं तिने सांगितलं.

मी हे सगळं केसरबाईंना सांगायला गेले होते. चौकशी का झाली नाही, त्यात माझ्या घाईचा वाटा कसा, एकेक करून सांगितलं. त्या निवडत असलेली ज्वारी बाजूला ठेवून ऐकत होत्या.

"पन तो सुटीसन गया ना, बाई?"

"हो अक्का. सुटून गेले."

"पायमा बेडी नव्हती ना, जाताना?"

"नव्हती."

"मंग बरं कयं तू," त्या म्हणाल्या. ज्वारी पुन्हा पुढे ओढून बोलल्या, "आते एक काम कर. तो चोर नव्हता, असा एक कागद लई दे माले."

असा कागद नसतो. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. तो दोषी होता की निर्दोष, हे कोर्ट ठरवत नाही. मी त्यांना ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ते त्यांना पटलं नाही, आणि मलाही पटवता आलं नाही. गावात अजून कोणी कोणी त्यांना पाहून केबलचा विषय काढत होतं. मजुरीला बोलावणं कमी झालं होतं.

उरलेल्या दोघांचा खटला पुढच्या वर्षी चालला. मी त्यात वकील नव्हते, पण प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसले. मळ्याच्या मालकाने साक्षीत सांगितलं, की त्याची केबल तांब्याची, तीन पदरी, आणि जप्त केलेला तुकडा त्या जातीचा नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी कोणी विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. दोघे निर्दोष सुटले. निकाल अकरा पानांचा होता. नवव्या पानावर एक वाक्य होतं, आरोपी क्रमांक तीन, मयत, याच्याकडून जप्त केलेल्या मालाचा चोरीशी संबंध सिद्ध होत नाही.

मी निकालाची नक्कल घेऊन गावी गेले आणि केसरबाईंना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "हाई बठ्ठा गावले वाची दाखाड."

पुढच्या रविवारी गावातल्या बुद्ध विहारात वंदना झाल्यावर मी तो कागद वाचला. चाळीसेक माणसं असतील. आबांच्या टोळीतले होते, बायका होत्या, दारात उभं राहून ऐकणारे दुसऱ्या आळीतलेही काही होते. जामिनाच्या वेळी घरातून बाहेर न आलेला शेतकरी मागे येऊन उभा राहिला आणि वाचून व्हायच्या आत निघून गेला. मी वाक्य वाचलं. आरोपी क्रमांक तीन म्हणजे कोण, ते त्या वाक्यात नव्हतं, म्हणून मी नाव माझ्याकडून घातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

टोळीतल्या एका म्हाताऱ्याने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. लोक हळूहळू उठले. केसरबाई माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातून कागद घेतला आणि पदराखाली धरून घराकडे चालू लागल्या.